काळी पाचच्या जरा वर

आर्डिस आणि लायल यांनी लग्न केलं तेव्हा दोघंही सत्तरीला टेकलेले होते, त्यामुळे आहेर काय करावा हा मॅनिटोवॉक गावच्या मंडळींना मोठाच पेच पडला. दोघांचेही संसार आधी एकेकदा मांडून झालेले. टोस्टर दोन, इस्त्र्या दोन, ख्रिसमसच्या झाडाखाली ठेवायची मातीची मेंढरं तर कळपभर. आर्डिस आपलं घर विकून लायलकडे राहायला आली तेव्हा बहुतेक सामान तिने हसतमुखाने चर्चच्या जुन्या बाजारात देऊन टाकलं. दोन गोष्टींना मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. एक तिचा पियानो आणि दुसरी तिची रेकॉर्ड ऐकायची यंत्रणा. रेकॉर्ड प्लेअर, धोंड्यासारखा जड अँप्लिफायर आणि शाळकरी पोराच्या उंचीचे दोन स्पीकर.

ही यंत्रणा तिच्या पहिल्या नवऱ्याने, वेंडेलने, एकेक भाग पारखून जमवलेली. वेंडेल शांत माणूस होता आणि त्याची यंत्रणा त्याच्याहून शांत. सुई टेकेपर्यंत ती चालू आहे की बंद हेही कळत नसे.

लायलचा जन्म मात्र गडगडाटात गेलेला. गावाच्या उत्तर टोकाला त्याचा बोलिंगचा अड्डा होता, ‘क्रूगर लेन्स’ नावाचा, लेन म्हणजे चेंडू सोडायची लांब पट्टी. सकाळपासून चेंडू घरंगळतायत, बाटलीसारख्या लाकडी पिना कोसळतायत, मागे पिना उभ्या करणारी यंत्रं घरघरतायत. अशा माणसाला आवाजाचं काय वावडं असणार? त्याने मोठ्या उत्साहाने आर्डिसची यंत्रणा बैठकीच्या खोलीत मांडून दिली आणि वर स्वतःच्या डोक्याने एक सुधारणा केली. आपला भिंतभर टीव्ही त्याने एका वायरीने तिच्या अँप्लिफायरला जोडला, म्हणजे पॅकर्स या आवडत्या फुटबॉल संघाचा सामना तिच्या थोरल्या स्पीकरवर ऐकता येईल. आर्डिसला ते फारसं रुचलं नव्हतं, पण लग्नाला आठवडाही झाला नसताना नवऱ्याचं मन कसं मोडायचं, म्हणून ती गप्प बसली.

पहिल्याच संध्याकाळी तिने बटण दाबलं आणि स्पीकरमधून आवाज आला, ‘घूं’.

मोठा नव्हता. शेजारच्या खोलीत कुणी तोंड मिटून गुणगुणावं तसा. त्याच्या अंगावर आणखी एक बारीक ‘झर्रर्र’ होती, काचेच्या बरणीत गांधीलमाशी कोंडल्यासारखी. दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केलं असतं. पण आर्डिसने उभी हयात चर्चच्या गायकवृंदाला शिकवण्यात घालवली होती, आणि मागच्या रांगेत कुणी केसभर खाली गायलं तरी पाठ फिरवलेली असताना ती नाव घेऊन सांगायची. ती सरळ पियानोपाशी गेली आणि एका बोटाने पट्ट्या दाबत त्या आवाजाचा सूर शोधू लागली. पेटीच्या भाषेत सांगायचं तर तो काळी पाचच्या जरा वर होता आणि पांढरी सातच्या जरा खाली. ना इकडचा ना तिकडचा. म्हणजे जगातली कुठलीही रेकॉर्ड लावा, हा बाबा त्या गाण्याशी बेसूरच असणार.

तिने लायलला विचारलं, हा आवाज कसला. लायलने कान टवकारले, स्पीकरपाशी वाकला, आणि त्याचा चेहरा खुलला. त्याच्या मते तो घराचा आवाज होता. प्रत्येक घराला असा आवाज असतोच, आणि त्याला तर त्याच्याविना चैन पडत नाही.

“वेंडेलच्या घराला नव्हता,” आर्डिस बोलून गेली.

बोलली आणि तिने जीभ चावली. रात्रीच्या जेवणात लायलने तिला इतक्या अदबीने मीठ दिलं, की भांडण परवडलं असतं.

त्यानंतर आर्डिसने त्या आवाजाचा विषय काढला नाही. रेकॉर्डही लावल्या नाहीत. लायल रविवारी सामने ऐके, स्पीकरमधून प्रेक्षकांचा समुद्र उसळे, त्यात घूं बुडून जाई, आणि आर्डिस स्वयंपाकघरात दार लावून बसे.

डिसेंबरात मात्र प्रसंग आला. गायकवृंदातल्या तिच्या दोन जुन्या मैत्रिणी नवं घर बघायला कॉफीला येणार होत्या. फिलिस ही वरच्या पट्टीतल्या बायकांची म्होरकी, डेलोरिस खालच्या पट्टीतल्यांची. शाळेपासूनच्या जिवाभावाच्या, आणि शाळेपासूनच एकमेकींवर डोळा ठेवून असलेल्या. येताना डेलोरिसने एक रेकॉर्ड आणली. चर्चने एका वर्षी नाताळच्या कार्यक्रमाची रेकॉर्ड हौसेने काढली होती आणि प्रत्येकीला एकेक प्रत वाटली होती. तेव्हा सगळ्यांकडे कपाटाएवढे रेडिओ-प्लेअर होते, ते स्वतःच इतके कण्हत की गाणं आणि कण्हणं वेगळं काढता येत नसे. पुढे ते भंगारात गेले आणि रेकॉर्डी माळ्यावर. आर्डिसने तर आपली प्रत उघडलीसुद्धा नव्हती. स्वतः उभं केलेलं गाणं ऐकायचं म्हणजे नुसत्या चुका मोजायच्या, असं तिचं मत. पण पाहुणीने आणलेली रेकॉर्ड नको कशी म्हणणार?

पहिली दोन गाणी ठीक गेली. लायलने कॉफी आणली, क्रिंगलचं गोड कडं कापलं. मग त्या कार्यक्रमाचं मुख्य गाणं लागलं. हळुवार, जवळजवळ कुजबुजीतलं, आणि नेमकं काळी पाचमधलं. गायिका बरोबर काळी पाचवर उभ्या होत्या, आणि त्यांच्या पायाखालची घूं होती जरा वर. कान तर बिचारा पायाकडेच बघतो. त्यामुळे झालं काय, की अख्खा गायकवृंद उतरल्यासारखा ऐकू येऊ लागला.

फिलिसने कप खाली ठेवला. “आपण उतरलोय,” ती म्हणाली.

“आपण म्हणजे कोण?” डेलोरिसने विचारलं.

“मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.”

“घ्यायला कशाला हवं. तू माझ्याकडेच बघत होतीस.”

“मी क्रिंगलकडे बघत होते. ते तुझ्यापुढे आहे त्याला मी काय करू?”

आर्डिसने घाईघाईने समजावलं, की अगं, तुम्ही उतरलेल्या नाही, हे घर चढलंय. हा मागचा आवाज आहे ना, तो ऐका. पण ते कुणाला पटेना. फिलिसला वाटलं ही डेलोरिसला पाठीशी घालतेय, डेलोरिसला वाटलं ही फिलिसला गप्प करतेय. तेवढ्यात लायल कॉफीची किटली घेऊन आला आणि कौतुकाने म्हणाला, त्याला तर गाणं फार आवडलं, विशेषतः मागे तो एकसारखा खर्ज लावून धरलाय तो. कुठल्या गड्याचा एवढा दमसास होता?

डेलोरिसने जुन्या गोष्टी उकरल्या. कुणी कधी कुणाचं एकल गाणं पळवलं, कुणाला सर्दीचं निमित्त करून घरी बसवलं, सगळं निघालं. दोघी फिलिसच्या गाडीतून आल्या होत्या. जाताना डेलोरिसने त्या गाडीत बसायला साफ नकार दिला आणि बर्फातून चालत निघाली. शेवटी लायल आपली गाडी काढून तिच्यामागे हळूहळू गेला आणि कोपऱ्यावर तिला गयावया करून आत बसवलं. रेकॉर्ड तशीच प्लेअरवर राहिली.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने विचारलं, हे सगळं खरंच त्या आवाजापायी झालं का? आर्डिसने हो म्हटलं. मग त्याने डुएनला फोन केला.

डुएन म्हणजे लायलचा जुना गडी, बोलिंगच्या अड्ड्यावरची यंत्रं सांभाळायचा. त्याला येत नाही असं काहीच नव्हतं, आणि त्याने हात लावलेलं काहीच पूर्वीसारखं राहत नसे. तो पक्कड घेऊनच आत शिरला. त्याने अँप्लिफायरचा तीन काट्यांचा प्लग ओढून काढला आणि निदान केलं: हा तिसरा काटा, अर्थिंगचा, सगळ्या रोगाचं मूळ आहे. हा कापून टाकला की घूं गेलीच समजा.

“तो काटा कशासाठी असतो?” आर्डिसने विचारलं.

“शॉक लागून माणूस मरू नये म्हणून.”

“मग राहू द्या. मी एक नवरा पुरलाय, दुसरा अजून नवा आहे.”

डुएन हिरमुसला, पण पक्कड खिशात गेली. मग त्याने तळघरात जाऊन घराची वीज एकेका खोलीपुरती बंद करायला सुरुवात केली. वर आर्डिस स्पीकरला कान लावून उभी, जिन्यात लायल निरोप्या. फ्रिज गेला, घूं तशीच. भट्टी गेली, घर गार पडू लागलं, घूं तशीच. डुएनने आणखी एक खटका पाडला आणि आर्डिसने हात वर केला. घूं होतीच, पण बरणीतली गांधीलमाशी एकदम थांबली होती.

तो खटका तळघराचा होता. तळघरात लायलचा जीव की प्राण असा एक दिवा होता. ‘क्रूगर लेन्स’ ही लाल निऑनची अक्षरं, अड्डा विकताना त्याने भिंतीवरून उतरवून आणलेली. रात्रंदिवस चालू. त्यातला ‘एस’ कायमचा फडफडत असे आणि त्याच्या विजेच्या पेटीतून झर्रर्र निघे. ती तिथून वायरींवाटे थेट आर्डिसच्या स्पीकरमध्ये.

तिघं जण त्या विझलेल्या अक्षरांपुढे थोडा वेळ उभे राहिले. डुएनने टोपी काढली. आर्डिस म्हणाली, की तिची रेकॉर्ड चालू असेल तेवढाच वेळ विझवत जाऊ, एरवी लावून ठेव. लायल म्हणाला, नाही, हरकत नाही, पुष्कळ वर्षं जळला बिचारा. पण त्याचा आवाज असा होता, जणू म्हातारा कुत्रा दवाखान्यात सोडून आलाय.

डुएन गेल्यावर आर्डिसने ठरवलं, आता आपल्या पद्धतीने जायचं. गायकवृंद बिघडला की ती सगळ्यांना गप्प करायची आणि एकेकाला गायला लावायची. चोर आपोआप सापडायचा. तिने स्पीकरच्या सोडून अँप्लिफायरच्या मागच्या सगळ्या वायरी काढल्या. घूं गप्प. रेकॉर्ड प्लेअर लावला, त्याची ती केसासारखी अर्थिंगची वायर जपून स्क्रूखाली दाबली. गप्पच. मग टीव्हीची वायर लावली, आणि घूं परत हजर.

“तुझा टीव्ही आहे,” ती म्हणाली.

लायलला हे लागलं. दिवा गेला, आता टीव्हीवर आली. तो तरातरा गेला आणि टीव्हीचा प्लगच भिंतीतून उपटला. पडदा काळा, दिवा विझलेला, टीव्ही मेलेला. आणि घूं जशीच्या तशी.

“बघ,” तो म्हणाला. “मेलेला माणूस चोरी करत नाही.”

टीव्ही निर्दोष सुटला. तिने वायरी लावल्या, धूळ पुसली आणि यंत्रणेवर चादर घातली. ते चादर घालणं लायलला मुळीच आवडलं नाही. घरात कुणी गेल्यासारखं वाटत होतं.

रविवारी सामना होता. आर्डिस स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. लायलने चादर बाजूला सारून स्पीकर चालू केले आणि खुर्चीत पाय ताणले. जाहिराती लागल्या की टीव्हीचा आवाज बंद करायची त्याला सवय होती. तसा त्याने केला, आणि खोलीत शांतता पसरायला हवी होती तिथे त्याला ऐकू आलं, ‘घूं’.

आता तळघरातला दिवा बंद होता. इतकी वर्षं त्याच्या कानात ती झर्रर्र भरून राहिली होती, ती गेल्यावर हे उघडं पडलं. त्याने दुर्लक्ष केलं. पुढच्या जाहिरातीला पुन्हा तेच. त्याने मान एका खांद्यावर टाकून पाहिली, मग दुसऱ्या. एकदा ऐकू आलं ते आता ऐकू येणं थांबेना. पॅकर्स गोलरेषेच्या तोंडाशी होते, गावातलं प्रत्येक माणूस श्वास रोखून बसलं होतं, आणि लायल मात्र स्पीकरकडे बघत होता.

“आर्डिस,” त्याने हाक मारली. “हे भयंकर आहे.”

“काय, हरतायत का?”

“ते नाही. हे. तू इतके दिवस हे ऐकतेयस?”

ती दारात आली, हातात अर्धा सोललेला बटाटा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं कांद्याने.

तो उठला आणि टीव्हीच्या मागे वाकला. प्लगची वायर तर त्याने त्या दिवशी काढली होती. पण आणखी एक जाडसर काळी वायर होती, भिंतीतून येणारी, जिच्यातून सगळे चॅनेल यायचे. ती कुणी काढून पाहिलीच नव्हती. ती स्क्रूने घट्ट बसलेली होती. “आत्ता नको रे,” आर्डिस म्हणाली, “खेळ संपू दे.” पण लायल आधीच फिरकी सोडवत होता. शेवटचा आटा सुटला, पडदा निळा झाला, धावणारा खेळाडू धावता धावता नाहीसा झाला.

आणि खोली शांत झाली. नुसती शांत नाही. दुकान बंद करून शटर ओढल्यावर रस्ता होतो तशी.

“गेला?” लायलने टीव्हीमागूनच विचारलं.

“गेला.”

तो बाहेर आला, जाळी झटकली आणि तिच्या शेजारी बसला. बाहेर शेजाऱ्यांच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. म्हणजे काहीतरी मोठं घडलं होतं, चांगलं की वाईट ते कळायला मार्ग नव्हता. लायलने विचारलंही नाही. तो तिच्याकडे वळला आणि म्हणाला, “वेंडेलच्या घरी असं असायचं का?”

“तिथे केबल नव्हती,” आर्डिस म्हणाली. “आणि सामने ऐकायला तो बारमध्ये जायचा. मी एकटीच असायची.”

दुसऱ्या दिवशी दोघं विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईला नवल वाटलं नाही. ती म्हणाली, ती बाहेरची केबल आपलं अर्थिंग बाहेरून घेऊन येते, अँप्लिफायर आपलं घरातून घेतो, आणि दोघांत थोडीशी वीज फेऱ्या मारत बसते, तिची ही घूं. टीव्ही बंद असला म्हणून ती केबल काही बंद होत नाही. तिने बोराएवढा एक भाग दिला, तो केबलच्या मध्ये बसवायचा. चित्र येतं, घूं अडते. घरी येऊन लायलने तो बसवला. टीव्ही लागला, यंत्रणा गप्प राहिली. तळघरातला दिवाही आर्डिसने पुन्हा लावायला लावला, फक्त रेकॉर्ड चालू असताना विझवायचा. कुणीच काही गमावलं नाही, हे लायलला इतकं अविश्वसनीय वाटलं की तो दिवसभर मधूनमधून जाऊन खात्री करत होता.

मग आर्डिसने फिलिसला फोन केला, आणि डेलोरिसलाही. दुसरी येणार आहे हे दोघींनाही सांगितलं नाही. दोघी आल्या, समोरासमोर आल्या, आणि कोट न काढता सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या. लायल आपण होऊन तळघरात जाऊन दिवा विझवून आला. आर्डिसने सुई टेकवली.

गाणं सुरू झालं. स्वच्छ, सरळ, काळी पाचवर पाय रोवून. कुणीही उतरलं नव्हतं. डेलोरिसने हळूच फिलिसकडे पाहिलं, फिलिसने हळूच कोटाची बटणं सोडली. गाण्याच्या शेवटी, आमेनच्या आधी, आर्डिसने त्या काळी एक लांब विराम ठेवला होता. सगळं चर्च श्वास धरून थांबायचं. तो विराम आला. आणि त्या नितळ शांततेत, मागच्या बाकांवरून कुठूनतरी, एक खोल, समाधानी, दमदार घोरणं ऐकू आलं.

मग आमेन झालं.

डेलोरिसने तोंडावर हात दाबला. आर्डिसला फिलिसकडे बघवेना. फिलिसचा नवरा एल्रॉय चर्चमध्ये घोरतो हे गावाला ठाऊक होतं आणि फिलिसने ते जन्मभर नाकारलं होतं. तो डोळे मिटून ऐकतो, असं ती सांगायची. पाद्रीबाबांनाही तिने तसंच ठणकावलं होतं. एल्रॉय जाऊन आता बराच काळ लोटला होता.

फिलिस ताठ बसून होती. “जरा मागे घे,” ती म्हणाली.

लायलने सुई उचलली आणि आपल्या बोलिंगच्या हातांनी, जिवाच्या कराराने, गाण्याच्या शेवटाजवळ टेकवली. विराम आला. एल्रॉय घोरला.

“परत,” फिलिस म्हणाली.

तो परत घोरला. तिसऱ्या वेळी फिलिसच्या खांद्यांना हादरे बसू लागले, आणि ती हसतेय की रडतेय हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

“मी वर उभी राहून गात होते ना,” ती डोळे पुसत म्हणाली. “नाहीतर कोपर मारलं असतं मेल्याला.”

डेलोरिस सोफ्यावरून सरकत सरकत तिच्यापर्यंत आली आणि तिने आपला रुमाल दिला. मग सगळ्यांनी मिळून एल्रॉयला इतक्या वेळा ऐकलं की कॉफी दोनदा करावी लागली. त्याचा सूर कुठला, असं फिलिसने विचारलं तेव्हा आर्डिस पियानोपाशी गेली. सूर तसा कुठलाच नव्हता. तिने एक पट्टी दाबली आणि म्हणाली, हा. आयुष्यात पहिल्यांदाच तिने सुराच्या बाबतीत थाप मारली, आणि तिला त्याचं काहीही वाटलं नाही.

रेकॉर्ड फिलिसकडे जावी असं डेलोरिसनेच ठरवलं. अंधारून आलं तेव्हा दोघी एकाच गाडीतून निघाल्या. निघाल्या म्हणजे गाडीत बसल्या. इंजिन चालू झालं, पण गाडी हलेना. आर्डिसने खिडकीतून पाहिलं तर आत दोघींचे हातवारे चालले होते. घोरण्यानंतरच्या आमेनला कोणती बाजू उशिरा उठली, खालच्या पट्टीतल्या की वरच्या, यावर बहुतेक जुंपली असावी. बर्फ पडतच होता. बघता बघता गाडीची पुढची काच पांढरी झाली, तरी आतल्या दोघींच्या ते गावी नव्हतं. लायलने कोट चढवला, ब्रश घेतला आणि काच झाडायला बाहेर गेला.